ऊन पडले की तणनाशक संपते का?

जुलैमध्ये पाऊस तीन-चार दिवस उघडीप देतो आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये पाठीला पंप लावलेला माणूस दिसू लागतो. कुंपणाच्या कडेला गुडघाभर गवत माजलेले असते, पेव्हर ब्लॉकच्या फटीफटीतून हिरवे कोंब वर आलेले असतात, पाण्याच्या टाकीमागे गाजर गवत फुलायला टेकलेले असते. तासाभरात फवारणी होते. एखादी आजी खिडकीतून विचारते, ‘‘अहो दादा, मुलं संध्याकाळी खाली खेळतात, चालेल ना?’’ उत्तर ठरलेले असते, ‘‘काही नाही होत आजी, एक दिवस ऊन पडलं की सगळं उडून जातं.’’

हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही, म्हणूनच ते पटकन पटते. उन्हावर आपल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. धान्याला ऊन द्यायचे, गाद्या-गोधड्या उन्हात टाकायच्या, लोणच्याच्या बरण्या धुऊन उन्हात वाळवायच्या. या प्रत्येक रीतीमागे अनुभव आहे आणि बऱ्याच अंशी विज्ञानही आहे. पण गादीतल्या ढेकणांना लागू पडणारा नियम मातीवर पडलेल्या रसायनाला जसाच्या तसा लागू पडत नाही. उपनगरांत तर तो आणखीच कमी पडतो, कारण इथे तण आणि ऊन यांचे वेळापत्रकच जुळत नाही.

ऊन रसायने मोडते यात शंका नाही. अतिदक्षता विभागात कधी काळ्या कागदात किंवा चांदीच्या वर्खासारख्या कागदात गुंडाळलेली सलाइनची बाटली दिसते. रक्तदाब झपाट्याने उतरवणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध तिच्यात असते. उजेड लागला की त्याचे विघटन सुरू होते आणि त्यातून सायनाइड सुटू लागते, म्हणून त्याला अंधारात ठेवावे लागते. कितीतरी गोळ्यांच्या पाकिटांवर ‘प्रकाशापासून दूर ठेवा’ असे छापलेले असते त्याचेही कारण तेच. प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो, रेणू ती ऊर्जा शोषून घेतो आणि त्याचा एखादा बंध तुटतो किंवा त्याची रचना बदलते. याला प्रकाश-विघटन म्हणतात. यात अट एकच, पण ती महत्त्वाची आहे. रेणूला तो विशिष्ट प्रकाश शोषून घेता आला पाहिजे. जो प्रकाश शोषलाच जात नाही, तो कितीही प्रखर असला तरी त्या रेणूचे काही बिघडवू शकत नाही.

सूर्यप्रकाशातली सर्वांत ताकदवान किरणे जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. साधारण २९० नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या लहरी वर ओझोनच्या थरात अडतात. त्याच्या अलीकडची अतिनील किरणे खाली येतात, तीही एकूण सूर्यप्रकाशाच्या मानाने थोडीशीच. म्हणजे ज्या तणनाशकाचा रेणू २९० नॅनोमीटरच्या पलीकडचा प्रकाश शोषत नाही, त्याच्यासाठी मेच्या भर दुपारचे ऊनही अंधारासारखेच. (जाता जाता: त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारी किरणेही याच पट्ट्यातली, २९० ते ३१५ नॅनोमीटरची. सकाळी सातच्या कोवळ्या तिरप्या उन्हात ती जवळपास नसतातच. ‘रोज पहाटे गच्चीत फिरतो तरी ड जीवनसत्त्व कमी कसे?’ हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात जवळपास रोजचा असतो.)

दुसरा प्रश्न ऊन पोहोचते कुठवर हा. तो समजायला नवजात बाळाच्या काविळीचे उदाहरण सोपे आहे. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बागेत उन्हात नेत असत. उन्हात राहिलेल्या बाळाच्या अंगाचा पिवळेपणा कमी झाला, पण चादरीच्या टोकाखाली झाकला गेलेला तुकडा तसाच पिवळा राहिला, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे तिथेच खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीत बिलिरुबिन कमी भरले. त्यावर डॉ. क्रीमर आणि सहकाऱ्यांनी काम केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख छापला. आज प्रत्येक प्रसूतिगृहात असलेला निळ्या दिव्यांचा पाळणा त्यातून आला. प्रकाश बाळाच्या त्वचेत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, तरीही साऱ्या शरीरातले बिलिरुबिन उतरते. कारण रक्त वाहते. खोल भागातले रक्त सतत त्वचेखाली येते, उजेड खाते आणि परत जाते.

माती वाहत नाही. वरचा कण वर राहतो, खालचा खाली. मातीच्या कणांमधून अतिनील किरणे फार आत शिरू शकत नाहीत. प्रत्यक्ष प्रकाश-विघटन होते ते वरच्या अर्ध्या मिलिमीटरच्याही आतल्या थरात. मातीतले ह्युमस आणि लोहाची संयुगे प्रकाश शोषून जे क्रियाशील ऑक्सिजनचे कण तयार करतात, त्यांच्यामुळे हा परिणाम थोडा खाली सरकतो, पण तोही एखाद्या मिलिमीटरच्या आसपासच. चिमूटभर रांगोळी पसरावी एवढी ही जाडी. तिच्याखाली मातीला उन्हाची ऊब लागते, प्रकाश लागत नाही. माती ओलसर असेल तर थोडा फरक पडतो. वरचे पाणी वाफ होऊन उडताना खालचे पाणी, आणि त्यात विरघळलेले रसायनही, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे वर चढते आणि उन्हाच्या तावडीत सापडते. कोरड्या कडक मातीत ही वाट बंद होते. कडकडीत उन्हाने भेगाळलेली जमीन रसायन लवकर संपवते ही समजूत म्हणूनच नेहमी खरी ठरत नाही.

या अर्ध्या-एक मिलिमीटरची किंमत काय असू शकते हे व्हिएतनामने दाखवले आहे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी लष्कराने तिथल्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतले सर्वांत जास्त वापरलेले ‘एजंट ऑरेंज’ म्हणजे २,४-डी आणि २,४,५-टी या दोन तणनाशकांचे मिश्रण. दुसऱ्या घटकात कारखान्यातच तयार झालेले डायॉक्सिन भेसळीसारखे मिसळलेले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रॉस्बी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की पानावर पातळ थरात पसरलेल्या तणनाशकातले हे डायॉक्सिन उन्हात एका दिवसात बरेचसे नाहीसे होते. जगातल्या सर्वांत चिवट विषांपैकी एक उन्हापुढे एवढे हतबल! तरी दानांग आणि बिएन होआ इथल्या जुन्या विमानतळांवर, जिथे पिंपे भरली-रिकामी केली गेली आणि रसायन मातीत मुरले, तिथे तेच डायॉक्सिन चार-पाच दशकांनंतरही सापडत राहिले. दानांगची माती खणून, ढीग करून, भट्टीसारखी तापवून स्वच्छ करावी लागली. ते काम २०१८ मध्ये संपले. बिएन होआचे त्यानंतर सुरू झाले. रेणू तोच, देश तोच, ऊन तेच. फरक एवढाच की एक पानावर होता आणि दुसरा मातीत.

सोसायटीच्या पंपात डायॉक्सिन नसते, हे स्पष्ट करायला हवे. त्या पंपात बहुतेक वेळा ग्लायफोसेट असते, कधी पॅराक्वाट, कधी २,४-डी. ही तीन रसायने ‘तणनाशक’ या एका नावाखाली येत असली तरी त्यांचे स्वभाव तीन सख्ख्या भावांइतके वेगळे आहेत.

ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे आणि जगात सर्वाधिक खपणारे तणनाशक आहे. जमिनीवर येणारा सूर्यप्रकाश ते शोषतच नाही म्हटले तरी चालेल. म्हणजे ‘ऊन पडलं की उडून जातं’ हे वाक्य नेमके ज्या औषधाबद्दल सर्वाधिक वेळा बोलले जाते, त्यालाच ते लागू पडत नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना धरून बसते आणि मातीतले जिवाणू त्याला हळूहळू मोडतात. अर्धे संपायला कुठे काही दिवस लागतात, कुठे काही महिने. माती कसली, ओल किती, जिवाणू किती यावर ते ठरते. मोडल्यावर जो तुकडा उरतो तो मूळ रसायनापेक्षाही अधिक काळ टिकू शकतो.

२,४-डीचा उन्हाशी थोडाफार संबंध येतो, पाण्यात जास्त, मातीत कमी. मातीत त्याचा खरा शत्रू जिवाणूच. ओल्या, उबदार, जिवंत मातीत त्याचे अर्धायुष्य आठवडा-दीड आठवड्याचे. अर्धायुष्य म्हणजे संपूर्ण नाश नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. दहा दिवसांत अर्धे, वीस दिवसांत पाव, महिन्यात आठवा हिस्सा. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळे तिथेच असते.

ऊन ज्यांना खरोखर पळवून लावते अशी तणनाशकेही आहेत. ट्रायफ्ल्युरॅलिन फवारल्यावर ते लगेच मातीत मिसळून घ्या, असे लेबलच सांगते, कारण वर राहिले तर ते उन्हाने मोडते आणि वाफ होऊन उडतेही. विदर्भातल्या कपाशी-सोयाबीनच्या शेतकऱ्याला पेंडिमेथालिन मारताना जमिनीत ओल असू द्या असा सल्ला मिळतो, त्यामागेही काही अंशी हेच गणित आहे. कंपन्यांच्या लेखी ऊन हा चोर आहे. औषध काम करण्याआधीच तो पळवून नेतो.

पॅराक्वाटची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे, आणि डॉक्टरांना तिच्यात सर्वांत जास्त रस असण्याचे कारण दुःखद आहे. पॅराक्वाट उन्हामुळेच मारते. पानात प्रकाशसंश्लेषण चालू असताना जे इलेक्ट्रॉन वाहत असतात ते हे रसायन मधल्यामध्ये पळवते आणि ऑक्सिजनला देते. त्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील, जाळून टाकणारी रूपे तयार होतात. लख्ख उन्हात पान काही तासांत करपते. पानावर उरलेले पॅराक्वाट ऊन काही प्रमाणात मोडते. पण जमिनीला टेकलेले पॅराक्वाट चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये इतके घट्ट अडकते की ना ऊन त्याला गाठते, ना जिवाणू. ते तिथे वर्षानुवर्षे राहू शकते. सहसा ते तिथून काही करत नाही, हे खरे. मात्र त्याला ‘संपले’ म्हणणे म्हणजे तिजोरीत ठेवलेले पैसे खर्च झाले म्हणण्यासारखे आहे.

हेच रसायन पोटात गेले तर ते फुप्फुसात साठते. फुप्फुसाच्या पेशी दुसऱ्याच एका पदार्थासाठी ठेवलेल्या दारातून त्याला आत घेतात. तिथे सूर्यप्रकाश नसतो, पण ऑक्सिजन भरपूर असतो आणि पानात जे घडते तेच चक्र तिथे फिरू लागते. श्वास लागलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लावणे ही डॉक्टरांची पहिली हालचाल असते. पॅराक्वाटच्या रुग्णात मात्र ती शक्य तितकी लांबवावी लागते, कारण प्राणवायू इथे आगीत तेल ओततो. यावर उतारा नाही. पहिल्या काही तासांत जे दिले जाते त्यात कोळशाची पूड असते किंवा चक्क माती, फुलर्स अर्थ, म्हणजे घरोघरी चेहऱ्याला लावायची मुलतानी माती ज्या जातीची ती. शेतातली चिकणमाती ज्या गुणाने पॅराक्वाट पकडून ठेवते, त्याच गुणाचा तो उपयोग. (हा घरी करायचा प्रयोग नाही. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यायचे.) युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे, केरळने २०११ मध्ये बंद केले. महाराष्ट्रात ते कृषी सेवा केंद्राच्या फळीवर मिळते. ते तिथे का असावे याचे पटण्यासारखे उत्तर कोणाकडेही नाही.

आता पुन्हा उपनगरांकडे. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस एकदा. मेमधला शून्य सावली दिवस मुलांना गच्चीवर नेऊन दाखवता येतो. जुलैमधला ढगांमागे कधी येतो नि जातो ते कळतही नाही. ऊन सर्वांत प्रखर असते तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, सोसायटीच्या आवारात तण नसते. असते ते पिवळे, वाळलेले गवत. तण उगवते पहिल्या सरींनंतर, आणि फवारणी होते जून ते सप्टेंबर या काळात. नेमक्या त्याच महिन्यांत जाड ढग अतिनील किरणांचा मोठा भाग अडवतात. त्यात दोन्ही बाजूंना वीस-वीस मजल्यांचे टॉवर. घाटकोपर किंवा अंधेरीच्या कित्येक आवारांत तळाच्या मातीला श्रावणात दिवसाकाठी तासभरही थेट ऊन मिळत नाही. ज्या कामगारावर सगळा भरवसा टाकला आहे, तो त्या चार महिन्यांत रजेवर असतो!

त्याच्या जागी काम करतो तो पाऊस, आणि पाऊस मोडत नाही, वाहून नेतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मोकळ्या मातीत तो काही रसायन खाली मुरवतो, आणि ओल्या उबदार मातीतले जिवाणू त्याचा समाचार घेतात. पावसाळ्याचा हा फायदा मान्य करायला हवा. पण उपनगरी आवारात मोकळी माती उरली आहे कुठे? पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, कोबा. तिथे ना जिवाणू, ना मुरायला जागा. उघडिपीच्या दिवशी मारलेले औषध रात्रीच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर गटारात आणि तिथून नाल्यात जाते. बोरिवलीत ते दहिसर नदीला मिळते, कांदिवलीत पोयसरला, अंधेरीकडे ओशिवरा आणि मिठीला. मुलुंड-भांडुप-घाटकोपरचे नाले ठाणे खाडीत उतरतात. तीच फ्लेमिंगोंची खाडी, जिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडीत आणखी शंभर प्रकारची घाण जाते, तणनाशक त्यातला लहान वाटेकरी असेल. तरी ‘उडून गेले’ म्हणून ज्याचा हिशेब मिटवला, ते प्रत्यक्षात फक्त पत्ता बदलून राहिले आहे, एवढे तरी माहीत असावे.

दुसरा पत्ता आपल्या घराचा. अमेरिकेत १९९० च्या दशकात आणि नंतर घरांभोवतीच्या हिरवळीवर २,४-डी फवारून त्याचा माग काढणारे अभ्यास झाले. रसायन हिरवळीवरून घरात पोहोचले ते मुख्यतः बुटांच्या तळव्यांवरून आणि पाळीव कुत्र्यांच्या पंजांवरून. घरात शिरल्यावर ते गालिचात, धुळीत आणि खिडकीच्या पट्टीवर बसले. तिथे त्याला मोडणारे कोणी नव्हते. ना ऊन, ना पाऊस, ना मातीतले जिवाणू. रांगणारे मूल त्याच जमिनीवर हात टेकते आणि तेच हात तोंडात घालते. ज्या घरांत बूट दाराबाहेर काढले जात तिथे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. चपला बाहेर काढण्याची मराठी घरांची रीत इथे अगदी नेमके काम करते. मात्र हल्ली फ्लॅटमध्ये चपलांचे कपाट दाराच्या आत आले आहे आणि कुत्र्याला कोणी पाय धुवायला लावत नाही.

तिसरा पत्ता ताटाचा, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. सोसायटीच्या दृष्टीने जे तण, ते दुसऱ्या कोणाच्या दृष्टीने भाजी असते. टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या पहिल्या पावसानंतर वर येतात. बोरिवलीच्या आणि अंधेरीच्या स्टेशनबाहेर, गोरेगावच्या बाजारात आदिवासी बाया त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. आरेच्या पाड्यांभोवती आणि राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास खुडलेली भाजी स्वच्छच असते. पण टाकळा जंगलाची हद्द ओळखत नाही. तो रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, रुळांच्या बाजूलाही तसाच टवटवीत उगवतो. रुळांखालच्या खडीतून पाणी झटपट निघून जावे म्हणून तिथले तण काढावेच लागते, आणि त्यासाठी रेल्वेत तणनाशकांचाही वापर होतो. ग्लायफोसेट मारलेले रोप लगेच करपत नाही. पिवळे पडायला चार-आठ दिवस जातात, पावसाळी हवेत अधिकही. त्या दिवसांत ते पान हिरवेगार, कोवळे दिसते, आणि रसायन पानाच्या पृष्ठभागावर नव्हे तर आत, रसात उतरलेले असते. ते धुऊन निघत नाही, उन्हात ठेवून जात नाही. फवारलेल्या जागेवर पाटी लावणे हा इतका साधा उपाय आहे, तरी एकाही रिकाम्या प्लॉटवर तशी पाटी दिसत नाही.

रुळांच्या कडेला पिकवल्या जाणाऱ्या पालक-माठाचा विषय निघतोच. ‘अधिक धान्य पिकवा’ या योजनेखाली रेल्वेने आपल्या जमिनीचे तुकडे कर्मचाऱ्यांना शेतीसाठी दिले. अतिक्रमण रोखणे हाही त्यामागचा हेतू होता. मध्य आणि हार्बर मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक मुंबईकराने ते हिरवे वाफे आणि त्यांना दिले जाणारे नाल्याचे काळे पाणी पाहिले आहे. त्या भाज्यांमध्ये शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू सापडल्याचे शहरातल्या संशोधकांनी वेळोवेळी दाखवले. इथे उन्हाचा मुद्दा पूर्णच संपतो. प्रकाश रेणू मोडू शकतो, मूलद्रव्य मोडू शकत नाही. शिसे हे शिसेच राहते, त्याच्यावर हजार वर्षे ऊन पडू दे.

मग घाबरायचे का? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर दोन टोकांच्या मध्ये आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला मात्र मान्य वापराच्या मर्यादेत तसा धोका दिसला नाही आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची परवानगी दहा वर्षांनी वाढवली. दोघे वेगळे प्रश्न विचारतात. या पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता आहे का, हा पहिला प्रश्न. लोकांना जेवढा डोस मिळतो तेवढ्याने तो घडतो का, हा दुसरा. आवारात एकदा झालेल्या फवारणीवरून चालत गेलेल्या माणसाला कर्करोग होईल असे म्हणणे अतिरेकाचे आहे. पण ज्याचा डोस खरोखर मोठा आहे तो माणूस या चर्चेत कधी येतच नाही. तो म्हणजे पंप पाठीला लावलेला माळी.

त्याच्या पंपाची नळी गळते, त्याच्या पायात चपला असतात, तोंडाला फार तर रुमाल. औषध मोजायला बाटलीचे टोपण, ढवळायला काठी किंवा हात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. ती मुख्यतः कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत, आणि त्यांची विषारीपणाची जातही वेगळी. पण फवारणाऱ्याच्या अंगावरचे कपडे तिथेही असेच होते. सोसायटीचा माळी त्याच कपड्यांत दुपारचा डबा खातो आणि त्याच कपड्यांत लोकलने घरी जातो. ग्लायफोसेटच्या बाटलीत चिकटून राहण्यासाठी मिसळलेले साबणासारखे पदार्थ डोळ्यांची आणि त्वचेची आग करतात. हात-पाय लाल होऊन, डोळे चुरचुरत आलेल्या रुग्णाला ‘काय काम करता?’ हा प्रश्न विचारला गेला तरच कारण सापडते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त नोंदणीकृत कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा, असे बंधन घातले. सोसायटीच्या किती समित्यांनी फवारणाऱ्याकडे परवाना मागितला असेल? कोणत्या दिवशी, कोणते औषध, किती प्रमाणात मारले याची नोंद सोसायटीच्या कुठल्याच वहीत नसते. मूल उलट्या करत रुग्णालयात आले तर ‘काहीतरी पांढरं औषध होतं’ एवढीच माहिती डॉक्टरच्या हाती येते.

फ्रान्सने २०१७ मध्ये सार्वजनिक उद्याने आणि पदपथांवर रासायनिक तणनाशके बंद केली, २०१९ मध्ये घरगुती बागांत, आणि जुलै २०२२ पासून निवासी संकुलांच्या आवारातही. निवासी संकुल म्हणजे आपल्या भाषेत सोसायटी. शेतात तणनाशकाला मजुरीच्या, हंगामाच्या, कर्जाच्या साखळीत काही एक कारण तरी असते. अर्ध्या एकराच्या आवारात, जिथून कुठलेही पीक निघायचे नाही, तिथे केवळ दिसायला बरे म्हणून ही रसायने फवारण्याला काही कारण नाही. महापालिकेने निवासी आवारे, शाळा, बालवाड्या आणि दवाखान्यांच्या परिसरात तणनाशके थांबवावीत. ते होईपर्यंत निदान सूचना, नोंद आणि ४८ तासांचा अटकाव तरी बंधनकारक असावा.

गाजर गवत मात्र काढलेच पाहिजे. त्याच्यामुळे त्वचेवर हट्टी इसब उठते आणि काहींना दमा जडतो, त्यामुळे ‘राहू द्या, निसर्ग आहे’ हा सल्ला इथे चालत नाही. पण पहिल्या दोन पावसांनंतर माती लोण्यासारखी मऊ असते. तेव्हा हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वी, ते मुळासकट उपटले तर दोन माणसांचे एका सकाळचे काम आहे. फुले आल्यावर उपटणाऱ्यालाच त्रास होतो आणि बी पसरते ते वेगळे. पेव्हर ब्लॉकच्या फटी खुरप्याने किंवा उकळत्या पाण्याने साफ होतात. भिंतीत रुजलेला पिंपळ ही तणाची नव्हे, गळतीची तक्रार आहे. भेग बुजवली नाही तर तो पुढच्या जूनमध्ये हजर असतो, त्याच्यावर काहीही फवारा.

जिथे फवारणी झालीच आहे तिथे दोन दिवस मुलांना आणि कुत्र्यांना जाऊ देऊ नये, पाऊस अपेक्षित असेल तर फवारणी पुढे ढकलावी, चपला दाराबाहेर काढाव्यात. डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. अंगावर सांडले तर कपडे लगेच काढून साबणाने आंघोळ करावी. पोटात गेल्यास उलटी करवू नये, बाटली किंवा तिचे लेबल घेऊन थेट रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००११६११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. लेबलवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा हेही पाहून ठेवावे. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. आणि उरलेले औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून मीटर रूममध्ये ठेवण्याची जी पद्धत कित्येक आवारांत आहे, ती आजच्या आज बंद करावी. त्या बाटलीला लेबल नसते, त्रिकोण नसतो, आणि मीटर रूममध्ये ऊनही येत नाही.